नटसम्राट बालगंधर्व

आज नाटकातील स्त्रियांच्या भूमिका स्त्रिया करतात आणि त्यात कोणालाही काही नवल वाटत नाही. परंतु शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील स्थिती निराळी होती. विष्णुदास भावे यांनी इ. स. १८४३ मध्ये सांगलीस सीतास्वयंवराचा खेळ केला, तेव्हापासून मराठी रंगभूमीवर सीता, द्रौपदी, शकुंतला या सर्व नायिका पुरुषच होत असत. स्त्रियांच्या एखाददुसऱ्या नाटक मंडळीचा अपवाद सोडला, तर घरंदाज स्त्रीने रंगमंचावर पाऊल ठेवणे म्हणजे कुळाला बट्टा लावणे, अशी त्या काळी लोकांची समजूत होती. त्यामुळे ज्याचा गळा गोड व चेहरा नाजूक, अशा मुलास लुगडे नेसवून उभे करावे आणि त्याचा आवाज फुटला, मिसरूड दिसू लागले, की दुसरा मुलगा शोधावा, असा बहुतेक नाटक मंडळ्यांचा रिवाज होता. या रिवाजातून एक असा नट निर्माण झाला, की ज्याने स्त्रीभूमिकेला तडजोडीच्या पातळीवरून उचलून कलेच्या सिंहासनावर बसविले. त्यांचे नाव नारायण श्रीपाद राजहंस. महाराष्ट्र त्यांना बालगंधर्व या नावाने ओळखतो.

नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. सांगली भागातील नागठाणे या गावाशी राजहंस घराण्याचा संबंध होता. वडील श्रीपादराव आणि आई अन्नपूर्णाबाई यांची परिस्थिती बेताचीच होती. शाळेच्या पुस्तकांपेक्षा गाण्याकडे नारायणाचा ओढा अधिक. देवाने त्याला कंठ असा दिला होता, की एकदा ऐकलेली चाल त्याच्या गळ्यात सहज उतरे. जळगावास असताना त्याला गाण्याचे प्राथमिक शिक्षण मिळाले. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास पुण्यात लोकमान्य टिळकांपुढे गाण्याची संधी त्याला लाभली. राजकारणाच्या धकाधकीत गढलेल्या त्या थोर पुरुषाला या चिमुकल्या मुलाच्या स्वरांनी क्षणभर सारे विसरावयास लावले आणि त्याच्या मुखातून या मुलाविषयी बालगंधर्व असा कौतुकाचा शब्द निघाला. तोच शब्द पुढे नारायणाचे नाव होऊन बसला.

पुढे कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींची या गुणी मुलावर दृष्टी गेली. गाणाऱ्याला गळ्याइतकेच कानांचे महत्त्व असते आणि नारायणाला तर कानाचा विकार जडलेला होता. महाराजांनी मिरजेच्या इस्पितळात त्याच्यावर उपचार करविले आणि त्याला किर्लोस्कर नाटक मंडळीत घालण्यासाठी खटपट केली. अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० मध्ये शाकुंतल नाटक रंगभूमीवर आणून ही मंडळी उभारली होती. भाऊराव कोल्हटकर हे तिचे मोठे भूषण. परंतु १९०१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर मंडळीला उतरती कळा लागली होती. नायिकेची जागा रिकामी, आणि ती भरून काढील असा नट दिसत नव्हता. अशा वेळी १९०५ मध्ये सतरा वर्षांचे नारायणराव मंडळीत दाखल झाले आणि मिरजेच्या रंगमंचावर शकुंतला होऊन प्रेक्षकांपुढे उभे राहिले. त्यांचे रूप पाहून आणि गाणे ऐकून मंडळीच्या चालकांचा जीव भांड्यात पडला.

परंतु रूप आणि गळा हे निसर्गाचे दान झाले. त्यावर विसंबून राहिले असते, तर नारायणराव दोन-चार वर्षे चमकून मागे पडले असते. त्यांना गुरू लाभले ते गोविंद बल्लाळ देवल. शारदा नाटकाचे कर्ते देवल हे तालमीच्या बाबतीत अत्यंत काटेकोर होते. शब्द कोठे तोडावा, मान किती वळवावी, उत्तर देण्यापूर्वी किती थांबावे, हे सारे ते शिकवीत. म्हाताऱ्या वराच्या गळ्यात बांधली जाणारी कोवळी शारदा, थोर मनाची वसंतसेना, अर्जुनावर मन जडलेली सुभद्रा, या तिन्ही स्त्रिया एकमेकींपासून किती भिन्न! तिघींचे चालणे, रागावणे, लाजणे एकसारखे असून कसे चालेल? हा विचार नारायणरावांच्या मनावर ठसला. त्यांनी आपल्या अवतीभवतीच्या स्त्रियांचे बारकाईने निरीक्षण केले. पदर सावरताना हात कसा जातो, वडीलधाऱ्या माणसापुढे दृष्टी कशी खाली झुकते, दुःख गिळताना ओठ कसे मिटतात, हे त्यांनी टिपून घेतले. स्त्रीवेष घेऊन उगाच मुरकणे किंवा आवाज बारीक करून हशा मिळविणे त्यांना कधीच रुचले नाही. स्त्रीची नक्कल करणे निराळे आणि स्त्रीचे मन ओळखून तिच्या भूमिकेत शिरणे निराळे, हा भेद त्यांना पुरता उमगला होता.

त्यांच्या गाण्यालाही मोठ्या गुरूंचा आधार मिळाला. भास्करबुवा बखले यांच्यासारख्या श्रेष्ठ गवयापाशी त्यांनी शिक्षण घेतले. रागदारीची तयारी असूनही नाटकातील पद म्हणताना आपली विद्वत्ता दाखविण्याचा मोह ते आवरीत. पदातला प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेतील माणसालाही स्पष्ट ऐकू येई आणि त्या शब्दामागील भाव स्वरांतून झिरपत राही. गाणारी व्यक्ती गवई नसून ती रुक्मिणी आहे, भामिनी आहे, याचे भान त्यांनी सुटू दिले नाही.

त्यांच्या आयुष्यातील कसोटीचा एक दिवस महाराष्ट्र कधी विसरला नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी मानापमान हे नवे नाटक लिहिले होते. त्यातील पदांना गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या होत्या. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत त्याचा पहिला प्रयोग व्हावयाचा होता. तिकिटे खपली होती; शहरात सर्वत्र त्या नाटकाचीच चर्चा चालली होती. आणि नेमक्या त्याच दिवशी नारायणरावांची तान्ही मुलगी मरण पावली. घरावर आकाश कोसळले. मंडळीतील माणसे सुन्न झाली. अशा प्रसंगी प्रयोग पुढे ढकलावा, हेच सर्वांना योग्य वाटत होते. प्रेक्षकांनीही ते समजून घेतले असते. परंतु नारायणरावांनी निराळा निर्णय घेतला. दूरदूरहून आलेले प्रेक्षक निराश होऊन परत जाणार, मंडळीतील अनेक माणसांचे कष्ट आणि पैसा वाया जाणार, हे त्यांच्या मनाला पटेना. आपले दुःख आपल्यापाशी ठेवून त्यांनी तोंडाला रंग लावला, अंगावर शालू चढविला आणि श्रीमंतीच्या तोऱ्यात वावरणारी, हसरी, मानी भामिनी होऊन ते रंगमंचावर आले. पडद्याच्या पुढे आनंदाचा वर्षाव होत होता. पडद्यामागे एक बाप आपले डोळे पुसत होता. त्या रात्री नाटकाने अपूर्व यश मिळविले. कर्तव्य आणि दुःख यांच्या झगड्यात प्रत्येकाने असेच वागावे, असा नियम कोणी घालून देऊ शकणार नाही. परंतु आपल्यावर विसंबलेल्या माणसांसाठी स्वतःचे दुःख बाजूला सारणे किती कठीण असते, याचा विचार मनात आला, म्हणजे त्या रात्रीची भामिनी डोळ्यांपुढे उभी राहते.

१९१३ मध्ये नारायणराव, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस या तिघांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळीची स्थापना केली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांचा आश्रय या मंडळीला मिळाला. १० डिसेंबर १९१६ रोजी खाडिलकरांचे स्वयंवर नाटक रंगभूमीवर आले. त्याच्या चाली भास्करबुवांच्या आणि रुक्मिणीची भूमिका नारायणरावांची. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चाले. प्रेक्षक एकेका पदाला पुन्हा पुन्हा वन्समोअर देत आणि नारायणराव न कंटाळता ते पद नव्या ढंगाने गात.

या यशात त्यांच्या वेशभूषेचाही मोठा वाटा होता. नायिकेच्या अंगावरील शालू, पैठणी, दागिने, केसांत माळलेली फुले, यांपैकी एकही गोष्ट त्यांना खोटी किंवा हलकी चालत नसे. त्यांचे लुगडे नेसण्याचे आणि केशरचनेचे वळण पाहून मोठमोठ्या घरांतील स्त्रिया तसेच नेसू-माळू लागल्या. ज्या समाजाने स्त्रीला रंगमंचावर येण्यास बंदी केली होती, त्याच समाजातील स्त्रिया एका पुरुषाने उभ्या केलेल्या स्त्रीकडून नीटनेटकेपणाचे धडे घेत होत्या! रंग उतरवून पुरुषी वेषात ते बाहेर पडले, की त्यांच्या डोक्यावरील टोपीचेही लोक अनुकरण करीत. गंधर्व टोपी हे नावच त्यावरून रूढ झाले.

परंतु केवळ भरजरी नायिकाच त्यांना साधत होत्या, असे नव्हे. राम गणेश गडकरी यांनी एकच प्याला हे नाटक लिहिले आणि ते रंगभूमीवर येण्यापूर्वीच, २३ जानेवारी १९१९ रोजी, त्यांचे निधन झाले. पुढच्याच महिन्यात बडोद्यास त्याचा पहिला प्रयोग झाला. या नाटकातील सिंधू ही दारूच्या आहारी गेलेल्या सुधाकराची पत्नी. घरातील चीजवस्तू गेली, अंगावरचे दागिने गेले, दळणकांडण करून पोट भरण्याची पाळी आली, तरी तिची नवऱ्यावरील माया आटत नाही. शालू-पैठणीत शोभणारे नारायणराव या भूमिकेत दरिद्री स्त्रीच्या वेषात येत. अशा वेळी प्रेक्षागृहात हुंदके ऐकू येत. कित्येक घरांतील स्त्रिया जे दुःख मुकाट्याने सोशीत होत्या, ते प्रथमच शेकडो लोकांसमोर उघडे पडत होते. समोर पुरुष नट आहे, ही गोष्ट त्या वेळी कोणाच्या ध्यानातही राहत नसे.

नारायणरावांच्या मनाचा मोठेपणा दाखविणारा एक प्रसंग १९२१ चा आहे. लोकमान्य टिळकांच्या निधनानंतर त्यांच्या स्मृतीसाठी टिळक स्वराज्य फंड गोळा होत होता. त्या काळी ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले हे नारायणरावांच्या तोडीचे गायक नट समजले जात. थोर कोण, यावर दोघांच्या चाहत्यांत कडाक्याचे वाद होत. परंतु लोकांत स्पर्धा असली, तरी या दोन कलावंतांच्या मनात मत्सर नव्हता. दोघांनी एकत्र येऊन मानापमानाचा संयुक्त प्रयोग करण्याचे ठरविले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत तो प्रयोग झाला. केशवराव धैर्यधर आणि नारायणराव भामिनी! तिकिटांचे दर शंभर रुपयांपर्यंत चढूनही नाट्यगृह तुडुंब भरले. कोण जिंकतो हे पाहण्यास लोक आले होते; पण दोघेही एकमेकांना सांभाळून घेत गायले आणि त्या रात्री जिंकली ती कला. फंडाला मोठी रक्कम मिळाली. दुर्दैवाने त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच केशवराव मृत्यू पावले आणि तो योग पुन्हा जुळून आला नाही.

नारायणरावांच्या स्वभावात एक उणीवही होती. पैशाचा हिशेब ठेवणे त्यांना कधी जमले नाही. द्रौपदी नाटकासाठी १९२० मध्ये त्यांनी पडदे, सिंहासने, पोशाख यांवर पाण्यासारखा पैसा ओतला. अस्सल अत्तराचा सुगंध, गालिचे, उत्तम साथीदार, मंडळीतील माणसांना सुग्रास जेवण, यांत त्यांचा हात कधी आखडला नाही. मिळकत मोठी, परंतु खर्च तिच्याहून मोठा. दोघेही भागीदार एकामागून एक मंडळी सोडून गेले आणि लाखाहून अधिक रुपयांचे कर्ज एकट्या नारायणरावांच्या शिरावर आले. दिवाळे काढून मोकळे होण्याचा मार्ग त्यांना खुला होता. परंतु ज्यांनी विश्वासाने पैसे दिले, त्यांचा एक पैही बुडवावयाचा नाही, असा निश्चय करून त्यांनी गावोगाव प्रयोग केले आणि वर्षानुवर्षे खपून ते कर्ज फेडले. उधळेपणा हा त्यांचा दोष खरा. पण दिलेला शब्द पाळण्याचा गुण त्या दोषाहून मोठा ठरला.

१९२९ मध्ये ते नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले. १९३१ मध्ये कान्होपात्रा नाटकात त्यांनी विठ्ठलभक्त कान्होपात्रेची भूमिका केली आणि त्यांचे भक्तिरसपूर्ण गायन घराघरांत पोहोचले. परंतु काळ आता पालटत चालला होता. १९३१ पासून बोलपट निघू लागले आणि लोकांची गर्दी तिकडे वळली. हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका रंगभूमीवर आल्या होत्या. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेने आंधळ्यांची शाळा हे नाटक सादर केले, त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. प्रेक्षकांची दृष्टी बदलली. ज्या रिवाजातून बालगंधर्वांची कला जन्मास आली, तो रिवाजच आता मावळू लागला.

चित्रपटाचाही मार्ग त्यांनी चोखाळून पाहिला. प्रभात कंपनीच्या धर्मात्मा या चित्रपटात, १९३५ मध्ये, ते संत एकनाथ झाले. भूमिका पुरुषाची, विषय मोठा, दिग्दर्शक शांताराम यांच्यासारखे निष्णात. तरीही त्या कामात त्यांचे मन रमले नाही. गाणे रंगले म्हणजे माना डोलविणारे, वन्समोअर देणारे प्रेक्षक समोर नाहीत. समोर केवळ एक यंत्र! प्रेक्षकांना मायबाप मानणाऱ्या या नटाला ते पोरकेपण सोसेना. १९३७ मध्ये साध्वी मीराबाई या चित्रपटात ते मीरा झाले. पण अखेर त्यांची पावले रंगभूमीकडेच परतली. १९३८ मध्ये गोहर कर्नाटकी या गायिका त्यांच्या मंडळीत आल्या. नारायणरावांची गायकी त्यांनी आधीच आत्मसात केली होती. ज्या नायिकांच्या भूमिका नारायणरावांनी वर्षानुवर्षे केल्या, त्या आता गोहरबाई करू लागल्या. पुढे १९५१ मध्ये त्या दोघांचा विवाह झाला.

उतारवयात शरीर थकले, पूर्वीचे रूप उरले नाही, तरी प्रसंग पडला की नारायणराव स्त्रीभूमिकेत उभे राहत. पूर्वीचे चाहते ते पाहून हळहळत. परंतु डोळे मिटून ऐकले, की तोच स्वर, तीच आर्तता त्यांना पुन्हा भेटे. पुढे पायांतील शक्ती गेली आणि रंगमंचावर वावरणे थांबले. वैभवाचे दिवस सरले. लाखो रुपये हातांतून गेलेल्या या माणसाची अखेरची वर्षे ओढगस्तीत गेली. तरी भेटावयास येणाऱ्या लहानथोरांना देवा म्हणून संबोधण्याची त्यांची सवय आणि बोलण्यातील गोडवा शेवटपर्यंत कायम राहिला. १९५५ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९६४ मध्ये भारत सरकारने पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला. त्याच वर्षी गोहरबाईंचे निधन झाले आणि ते एकाकी झाले. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात बालगंधर्वांनी इहलोकीची यात्रा संपविली.

पुण्यात मुठा नदीच्या काठी एक भव्य नाट्यगृह बांधावयाचे ठरले, तेव्हा १९६२ मध्ये त्याची कोनशिला नारायणरावांच्याच हस्ते बसविली गेली होती. ते नाट्यगृह पुरे झालेले पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. त्यांच्या निधनानंतर वर्षभराने, २६ जून १९६८ रोजी, म्हणजे त्यांच्या जन्मदिनीच, बालगंधर्व रंगमंदिराचे उद्घाटन झाले. तेथे त्यांची दोन चित्रे लावण्यात आली. एकात टोपी-अंगरखा घातलेले नारायणराव आहेत आणि दुसऱ्यात त्यांनीच साकारलेली नायिका. दोन्ही चित्रे एकाच माणसाची आहेत, हे प्रथम पाहणाऱ्याला खरे वाटत नाही.

रंगभूमीवर पुरुषाने स्त्री होण्याची गरज आता उरलेली नाही, आणि ते योग्यच झाले. स्त्रियांना त्यांच्या हक्काची जागा मिळाली. परंतु त्यामुळे बालगंधर्वांचे मोल कमी होत नाही. आपल्याहून सर्वस्वी भिन्न असलेल्या माणसाचे सुखदुःख आपलेसे करावे, त्याच्या डोळ्यांनी जग पाहावे आणि ते करताना त्याची थट्टा न करता त्याचा मान राखावा, ही गोष्ट त्यांनी आयुष्यभर साधली. ती साधण्यासाठी रंग आणि शालू लागतातच असे नाही. परंतु दुसऱ्याकडे लक्षपूर्वक पाहणारे डोळे आणि त्याच्या दुःखाने भरून येणारे अंतःकरण मात्र अवश्य लागते.